घाटात गार हवा कुठे जाते

भाऊजी,

या पंधरा दिवसांत मी एकच गोष्ट किती वेळा सांगितली, त्याची गणतीच नाही. येणारं माणूस दाराशी चपला काढतं, आत येऊन बसतं आणि मग हळूच विचारतं, झालं कसं? तुमच्या ललिताला कोणी विचारत नाही. मला विचारतात. मी थोरली जाऊ, शिवाय कोपरीच्या गाळ्यावर रोज तुमच्याबरोबर असणारी, म्हणजे मला सगळं माहीत असणार. मग मी सांगते. सकाळची वेळ होती. भाऊजी गाळ्यावर जायला निघाले होते. आपल्याच गल्लीत, बाळकुमच्या नव्या कॉम्प्लेक्सला पाणी घालणारा टँकर रिव्हर्स येत होता. भाऊजी त्याच्या मागून चालले होते. एवढं सांगून मी थांबते, पुढचं लोक आपापसात बोलतात. लक्ष नसेल. फोनवर असतील. आणि कोणीतरी हमखास म्हणतं, पण टँकर मागे येताना केवढा वाजतो.

वाजत होता, भाऊजी. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, मला तिथवर ऐकू येत होता. फोन तुमच्या खिशात होता आणि लक्षही तुमचं ठिकाणावर असणार. तुम्हाला तो आवाज येतच नव्हता. हे मला दोन वर्षं माहीत होतं आणि परवापर्यंत मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही.

मी दमले आहे. रडून नाही, फार रडलेच नाही मी. लोकांना चहा देऊन, अर्धीच गोष्ट सांगून दमले आहे. आज गाळ्याचं शटर उघडलं आणि तुम्हाला लिहायला बसले. निदान तुम्हाला तरी पूर्ण सांगते.

हे गेले तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, तुम्ही दोन महिने माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. भाऊ गेल्याचं तुमचं दुःख तुमच्याजवळ, माझं माझ्याजवळ. मग एका सकाळी जिन्यात उभे राहून म्हणालात, “वयनी, गाल्यावर चल. फोन उचलायला मानूस नाय.” फोन उचलायला माणूस लागत नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. दिवसाला पाच फोन यायचे. पण तुम्ही मला घराबाहेर काढलंत, आणि खुर्चीवर बसवून ठेवलं नाहीत. गाडीच्या एसीला गेज कसं लावायचं, कॉम्प्रेसरचा आवाज बदलला की काय समजायचं, सगळं शिकवलंत. एकदा एक साहेब नवी कोरी गाडी घेऊन आले होते. मी बॉनेट उघडलं तसे म्हणाले, बाई हात लावणार असतील तर मी नंतर येतो. तुम्ही किल्ली त्यांच्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, “नंतर पन हीच असंल.” ते गेले. तुम्ही पुन्हा कामाला लागलात, जणू काही झालंच नव्हतं. त्या दिवशी मी तुम्हाला काही बोलले नाही. आपल्या घरात दिराला ‘तुमचे उपकार’ वगैरे कोणी म्हणत नाही. म्हणायला हवं होतं.

तुमची सगळी प्रसिद्धी त्या रबरी नळीची. हातभर लांब, काळी. एक टोक कानात, दुसरं गाडीच्या पाइपांवरून फिरवायचं, आणि जिथून हवा गळत असेल तिथे बरोबर थांबायचं. डोंबिवलीपासून लोक गाडी घेऊन यायचे, ते कानवाले कुठे बसतात म्हणून विचारत. तुम्हाला ते नाव आवडायचं. आवडत नाही असं दाखवायचात.

आता त्या मोठ्या गाडीची गोष्ट सांगते. तुम्हाला पाठ आहे, पण माझ्या बाजूने तुम्ही कधी ऐकली नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कल्याणचे कर्णिक गाळ्यावर आले. सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी अमेरिकन मोटारहोम विकत घेतली होती. कुठल्याशा शूटिंगवाल्यांनी कधीकाळी आणलेली, आत बिछाना, संडास, शेगडी, स्टिअरिंग डाव्या बाजूला. त्यांच्या सोसायटीने ती आत ठेवू दिली नाही, म्हणून आंबिवलीला एका ओळखीच्या माणसाच्या प्लॉटवर शेडखाली उभी होती. मला आधी वाटलं, म्हातारपणचा शौक आहे. मग त्यांनी बायकोचं सांगितलं. नीलाताईंना मज्जातंतूंचा आजार. त्यांना फार वेळ बसवत नाही, मध्येच आडवं व्हावं लागतं. आणि उष्णता लागली की हातापायातलं बळच जातं, जीभ जड होते. त्यांची थोरली बहीण जुन्नरला अंथरुणाला खिळलेली. दोघी चार वर्षांत एकमेकींना भेटल्या नव्हत्या. एकीला उठता येत नाही, दुसरीला उन्हातून जाता येत नाही. ती गाडी एवढ्याचसाठी घेतलेली.

मागच्या भागाचा एसी जनरेटरवर चालायचा आणि त्या जनरेटरचे भाग कुठे मिळत नव्हते. उरला तो ड्रायव्हरसमोरचा, डॅशबोर्डातला एसी. तो सपाटीवर झकास चालायचा. पण माळशेजचा घाट चढायला लागलं की समोरच्या जाळ्यांतून येणारी गार हवा बंद व्हायची आणि सगळी वर काचेकडे जायची. तीन गॅरेजवाल्यांनी गाडी पाहिली होती. उभ्या गाडीत सगळं नीट चालतंय म्हटल्यावर एकाने कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने पंखा. तुम्ही कर्णिकांचं सगळं ऐकून घेतलंत. ते बोलताना तुम्ही त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होतात, हे मला आता आठवतं. मग विचारलंत, “चढावरच व्हते ना? सपाटीला आली का परत येते?” ते हो म्हणाले. “मग गॅसचा काय नाय. व्हॅक्यूम गलतेय.”

घरी येताना तुम्ही मला ते समजावलंत. त्या गाड्यांत हवेच्या झडपा वायरीने उघडत नाहीत. इंजिन जी हवा ओढतं, त्या ओढीवर बारीक नळ्या जोडलेल्या असतात. नळ्या डॅशबोर्डामागच्या छोट्या डब्यांना जातात, डब्यांतला पडदा ओढला जातो आणि झडप फिरते. ओढ संपली की झडप स्प्रिंगने काचेकडे वळते. चढावर पाय दाबला की इंजिनाची ओढ कमी होते. तेवढ्या वेळापुरती ती साठवून ठेवायला एक प्लॅस्टिकचा पोकळ गोळा बसवलेला असतो. नळीला कुठेही बारीक चीर असेल तर साठवलेलं सगळं घाटात निघून जातं, नेमकं हवं तेव्हा. मला इतकं सोपं करून कोणी काही शिकवलेलं नाही.

आंबिवलीला आपण चार दिवस जात होतो. शेडवर पत्रे, खाली भट्टी. पहिले दोन दिवस नुसतं उघडण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तुम्ही डॅशबोर्डाखाली उताणे पडलात, नळी कानाला, आणि मी बाहेर गुडघ्यावर बसून हातपंपाने नळ्यांतली हवा ओढत होते. तुम्ही नळीचं टोक एसीच्या बटणामागच्या जोडावर नेलंत. तिथे शिट्टी वाजत होती, भाऊजी. बारीक, पण इतकी स्पष्ट की मला बाहेर बसून, नळीशिवाय ऐकू आली. तुमच्या नळीचं टोक तिच्यावर टेकलेलं होतं. तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, “इथं टाइट हाय. पुढं घे.”

मला आधी वाटलं चेष्टा करताय. मग तुमचा चेहरा दिसला. तो ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा होता. तुम्ही पूर्ण मन लावून ऐकत होतात आणि तुम्हाला शांतता ऐकू येत होती.

तेव्हा गेल्या कित्येक महिन्यांतल्या गोष्टी एकदम जुळल्या. कुकरच्या शिट्ट्या. गाळ्याबाहेर हाका मारून निघून गेलेली माणसं. तुमचं ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारणं. मी काय करायला हवं होतं? आता सगळं सोपं वाटतं. तेव्हा एवढंच सुचलं की म्हणाले, “भाऊजी, इथे जरा सुई बघून घेऊ या का?” आणि पंप त्या जोडाला लावला. गेजवरची सुई वीसवर चढली आणि तुमच्या डोळ्यांदेखत खाली यायला लागली. तुम्ही नळीकडे पाहिलंत, सुईकडे पाहिलंत. मग जोडाचं रबर काढलंत. कडक होऊन चिरलेलं होतं. नवं बसवलं, सुई थांबली. कर्णिक चहा घेऊन आले तेव्हा मीच त्यांना म्हणाले, “सापडलं. यांनी कानाने पकडलं.” खोटं मी बोलले होते, तुम्ही नाही. तुम्ही फक्त गप्प राहिलात.

दुसऱ्या दिवशी बाकीचं तपासून झालं. साठवणीचा गोळा पुढच्या बंपरच्या मागे, आत होता. पंप लावायचा तर बंपर काढावा लागला असता. तुम्ही खाली वाकून नळी आत घातलीत, ऐकलंत आणि म्हणालात, “गप हाय.” कर्णिकांना सांगितलंत, सकाळी घाटात नेऊन बघू. तुम्ही हात धुवायला गेलात, त्यांनी इंजिन बंद केलं, आणि मी बंपरजवळ हत्यारं गोळा करत होते. त्या शांततेत मला ऐकू आलं. फुस्स असा अगदी मंद आवाज, पाच-सहा सेकंद, मग संपला. गोळ्यात साठलेली ओढ संपेपर्यंतचा.

मला कळलं होतं. मी हत्यारं पेटीत भरली.

सकाळी आपण निघालो. चाचणीच होती, घाटाच्या वर जाऊन परत यायचं. पण नीलाताईंनी पिशवी भरून घेतली होती. बहिणीसाठी एक सुती साडी होती त्यात, सगळं ठीक झालंच तर पुढे जाऊ म्हणून. मुरबाडपर्यंत त्या मजेत होत्या. गार हवा तोंडावर घेत मला बहिणीचं सांगत होत्या, लहानपणी दोघी एकाच पाटीवर लिहायच्या, एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती. मग चढ लागला. इंजिन घरघरलं. समोरच्या जाळीतली हवा मंद झाली, थांबली, आणि वरच्या काचेवर फुस्कारायला लागली. कर्णिक बटण फिरवत राहिले. ऊन सरळ आत येत होतं. नीलाताईंच्या हातातली पाण्याची बाटली सुटली, मग मान खाली गेली. काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होत्या, शब्द होत नव्हते.

वळणापुढे जरा रुंद जागा होती तिथे गाडी घेतली. पायाचा दाब गेला तशी हवा पुन्हा जाळीतून यायला लागली, तुम्ही सांगितलं होतं तशीच. मी त्यांच्या मानेवर ओला टॉवेल धरून बसले. अर्ध्या तासाने त्यांना नीट बोलता आलं. आणि त्यांनी पहिलं काय म्हटलं माहीत आहे? तुम्ही बाहेर होतात. म्हणाल्या, “तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला माझ्यामुळे.”

मी खाली उतरले. तुम्ही दरीकडे तोंड करून उभे होतात. मी पुढून, तुम्हाला दिसेल अशी आले आणि म्हणाले, “बंपरमागचा गोळा गळतोय.”

“तुला कवा कल्ला?”

“काल संध्याकाळी.”

“मग बोलली का नाय?”

मी म्हटलं, खात्री नव्हती. तुम्हाला ते पटलं नव्हतं. खरं कारण तुम्हाला माहीत होतं, आणि तेच तुम्हाला जास्त लागलं. गाडी परत फिरवली.

पुढचे आठ दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलला नाहीत. तसा गोळा बाजारात मिळणार नव्हता. तुम्ही प्लंबरच्या दुकानातून जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा आणलात, दोन्ही टोकांना टोपणं चिकटवलीत, एका टोपणाला भोक पाडून नळी बसवलीत. पंप लावून रात्रभर ठेवलात, सकाळी सुई तसूभर हलली नव्हती. या वेळी तुम्ही कानाला काही लावलं नाहीत. बंपर काढलात, पाइप बसवलात, पुन्हा सुई बघितलीत. मग पुन्हा घाट. नीलाताई पुढे, मी मागे बसले होते, माझा एक हात पुढच्या जाळीपर्यंत लांबवलेला. पहिलं वळण, दुसरं, बोगदा, माथा. हवा हातावर येत राहिली. कर्णिकांनी गाडी थांबवली नाही, सरळ जुन्नरला नेली.

त्या दोघी बहिणी भेटल्या तेव्हा आपण दाराबाहेर उभे होतो. आतून एकीचाच आवाज येत होता. थोरलीला फार बोलता येत नव्हतं. नीलाताई बोलत होत्या, सारख्या बोलत होत्या. तुम्ही मला विचारलंत, “काय चाललंय आत?” आठ दिवसांतला तुमचा पहिला प्रश्न. मी सांगितलं, जुन्या गोष्टी काढतायत. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं आता बोलावं, इथेच. पण तुम्ही खूश दिसत होतात.

चार दिवसांनी गाळ्यावर तुम्ही ती रबरी नळी माझ्या हातात दिलीत. म्हणालात, “आजपासून तू आयक. मना आता वाकवत नाय.” मी बरं म्हणाले. तुमची कंबर ठणठणीत होती. त्या दिवसापासून गाडीखाली कान माझा आणि हात तुमचे. गिऱ्हाइकासमोर मी म्हणायची, सुई इथे पडतेय वाटतं, आणि तुम्ही तिथे हात घालायचात. तुमच्याशी मी समोर उभं राहून, मोठ्याने बोलायला लागले, मशीनच्या आवाजात तसंच बोलावं लागतं म्हणून. छान जमलं होतं आपलं. इतकं छान जमलं की दुसऱ्या कोणाला काही कळायचं कारणच उरलं नाही.

बोलले का नाही, ते आता सांगते. खात्री होती. पण ज्या माणसाने मला घराबाहेर काढलं, त्याला गिऱ्हाइकासमोर ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ म्हणायचं माझ्या तोंडातून निघेना. मला वाटलं मी तुमचा मान राखतेय. त्या मानापायी एक आजारी बाई घाटात कोसळली, ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही मी शिकले नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास एकदाच धीर करून म्हटलं होतं, “भाऊजी, एकदा कान दाखवून या ना.” तुम्ही स्कूटर पुसत होतात. म्हणालात, “दाखवायचा काय त्यात? तू हायस ना.”

मला बरं वाटलं होतं ते ऐकून. आता ते वाक्य सहन होत नाही. मी होते, भाऊजी. गाळ्यावर होते. गल्लीत नव्हते.

परवा कर्णिक येऊन गेले. नीलाताईंना जिना चढवेना, त्या खाली गाडीत बसल्या होत्या, मी जाऊन भेटून आले. तुमची लेक सकाळीच डोंबिवलीहून आली होती, तीही बसली होती बाहेर. कर्णिकांनी सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. तीन गॅरेजनी हात टेकले आणि या माणसाने नुसता कान लावून शोधलं, म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. सगळ्यांनी माना हलवल्या. ललिता उठून आत गेली. मी तिच्या मागे गेले.

ती मोरीपाशी पेले विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, “गाड्यांचं बरं ऐकू यायचं त्यांना. माझं तेवढं यायचं नाही.”

मला वाटलं तिला कळलेलं आहे. पण नव्हतं कळलं. ती बोलत राहिली. दोन वर्षं झाली, ताई. मी बोलायचे आणि हे आपले तसेच बसून. कधी उत्तर दिलं तर भलतंच. तुमचं मात्र सगळं ऐकायचे. मी मग बोलणंच सोडलं. भाजी काय आणायची एवढंच विचारायचं. माझ्यात काही राहिलं नाही असं वाटलं असेल त्यांना.

ललिताचा आवाज मुळातच बारीक. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई म्हणायच्या, ही बोलते का कुजबुजते. तुमचे बारीक आवाज आधी गेले, भाऊजी. नळीतली शिट्टी गेली, कुकर गेला, टँकर गेला. आणि ललिता गेली. मी गाळ्यावर तुमची लाज झाकत होते आणि इकडे घरात ती रोज समजत होती की तिचा नवरा तिला टाळतो.

मी तिला सांगितलं. आंबिवलीपासून सगळं. तिने नळ बंद केला. विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, दोन वर्षं तरी, कदाचित जास्त. ती म्हणाली, “आणि तुम्हाला माहीत होतं.” मी हो म्हणाले. तिने हात पदराला पुसले, माझ्या बाजूने निघून बाहेर जाऊन बसली. त्या दिवशी बोलली नाही. कालही नाही. मी तिची माफी मागायला दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. काय मागणार होते?

आज सकाळी शटर उघडून मी झाडू मारत होते तेवढ्यात ती आली. रिक्षाने, एकटी. गाळ्यावर ती यायला किती वर्षं झाली असतील? तुमच्या स्टुलावर बसली. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. म्हणाली, बसा. मग सांगायला लागली. या दोन वर्षांत ती तुम्हाला जे जे बोलली होती आणि तुम्ही ज्याचं उत्तर दिलं नव्हतंत, ते एकेक करून. तिचा गुडघा दुखतो. लेकीच्या सासरी नणंदेशी काहीतरी बिनसलंय, तुम्ही एकदा जावयाशी बोला. निळा शर्ट तुम्हाला चांगला दिसतो. गच्चीवरची टाकी भरून वाहते. दादांच्या श्राद्धाला तुम्ही फार गप्प होतात, काही सलतंय का. एकदा चिडून म्हणाली होती की मी माहेरी निघून जाईन. तुम्ही टीव्ही बघत होतात. ती गेली नाही.

शेवटी तिने विचारलं, “हे त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं? नक्की?”

“नक्की,” मी म्हणाले.

तेव्हा कुठे ती रडली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो काढला नाही. पण मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही.

निघताना ती शटरपाशी थांबली. म्हणाली, एकदा हे पेपर वाचत होते तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, मला होडीतून खाडीत न्याल का? कोळ्यांच्या घरात सून म्हणून येऊन सत्तावीस वर्षं झाली, मी खाडी फक्त पुलावरून बघितली. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. मग परत नाही विचारलं.

भाऊजी, ऐकू आलं असतं तर तुम्ही पेपर खाली ठेवला असतात. हसला असतात तिला, आणि नेलं असतंत. मी तुमच्या वतीने हो म्हणाले आहे. तुमच्या चुलतभावाला फोन केला, त्यांची होडी अजून बंदराला असते. रविवारी भरती बघून आम्ही दोघी जाणार आहोत.

तिला पाण्याची फार भीती वाटते, हे मला आज कळलं. तुम्हाला तिने तेही सांगितलं होतं.